आईवरच्या कविता पुरे, बाळंतिणीचं बोला

भावांनो,

तुमच्या कविता मी वाचते. प्रत्येक अंकात एक तरी आई असते. मोळी वाहणारी, शेण गोळा करणारी, ठिगळाचं लुगडं नेसणारी, पोरांना घास देऊन स्वतः पाणी पिऊन निजणारी. वाचून डोळे भरतात, खोटं कशाला बोलू? पण एक विचारते. या आईनं तुम्हाला जन्म कसा दिला? किती तास कळा सोसल्या? उशाशी कोण होतं? नाळ कशानं कापली, वार पडली का अडकली? एका तरी कवीनं आपल्या आईला हे विचारलंय? आई म्हटली की तुम्हाला तिची भाकरी आठवते. तिची कंबर आठवत नाही.

१४ एप्रिलला आपण निळा गुलाल उधळतो, पाळणा गातो. १८९१ साली त्या दिवशी महूच्या लष्करी छावणीत एक बाई बाळंत झाली. भीमाईचं ते चौदावं बाळंतपण. आधीच्यातली किती लेकरं मातीत गेली, आणि बाबासाहेब लहान असतानाच ती माउलीही गेली. हे जयंतीच्या कुठल्या भाषणात ऐकलंत? रमाईला पाच लेकरं झाली. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न गेली, यशवंत तेवढा वाचला. आपण त्याला रमाईचा त्याग म्हणतो. त्याग हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला की कुणाला जाब विचारावा लागत नाही. पोटाला अन्न नाही, औषधाला पैसा नाही, खोलीत उजेड नाही, याला त्याग म्हणत नाहीत. याला व्यवस्था म्हणतात.

आपल्या लिखाणाची सुरुवात कुठून झाली तेही आठवा. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवेचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. तिनं पेशवाईतले जुलूम मांडले, वेदावर हक्क कुणाचा असं विचारलं, हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगता. पण त्याच निबंधात ती बाळंतिणीवर येते, ते गाळता. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील, बाळंतरोग झाला तर वैद्याला पैसा कुठून आणायचा, असं ती विचारते. शाळकरी पोरीला जे दिसलं, ते आपल्या जाहीरनाम्यांना दिसलं नाही. पुढं बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातलं बाळंतपण लिहिलं, रक्तामांसासकट लिहिलं. परिसंवादात त्या पानांवर कोण बोललं?

मग मी माझंच सांगते. लाज वाटली तर पान उलटा.

माझं पहिलं बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. कुठल्या, ते लिहीत नाही. तुमच्या तालुक्याचं नाव घाला, काही बिघडत नाही. संध्याकाळपासून कळा. कळ माकडहाडातून उठते, कंबर पिळून काढते, ओटीपोटात येऊन आवळते आणि सोडते. सोडली की दोन मिनिटं बाई चक्क झोपते. मग परत. लोक म्हणतात तिथं बाईचं जनावर होतं. साफ खोटं. एवढं जागं भान मला पुन्हा कधी आलं नाही. अंग म्हणत होतं, उकिडवी बस, काहीतरी धर. माझी आजी मेढीला धरून तशीच बाळंत झालेली. पण टेबलावर उताणं पडायचं, पाय वर करायचे, हा तिथला कायदा. आई दाराबाहेर. तिला आत येऊ दिलं नाही.

केसपेपरवर आडनाव होतं. ते वाचून सिस्टर म्हणाली, "कुठली गं? राजवाड्यातली का?" ओरडले तर मांडीवर चापट. "तवा ग्वाड लागलं, आता का बोंबलतीस?" शेजारच्या टेबलावर पाटलाची सून होती. तिला, "ताई, जोर करा." मला, "ए, जोर कर." भावांनो, गावात आणि वाड्यात जेवढं अंतर असतं, तेवढं त्या 'ताई' आणि 'ए'मध्ये होतं. दोघींचं रक्त खाली एकाच बादलीत पडत होतं.

पोरगी झाली. ओली, गरम, छातीवर ठेवली तेव्हा तिनं माझं बोट धरलं. तेवढ्यात खाली भूल न देता टाके घालणं सुरू झालं. "एवढं सोसलंस, दोन टाक्यांनी काय होतंय?" आणि न विचारता तांबी बसवली. मला कळलं सहा महिन्यांनी, अंगावरून जाऊन जाऊन पांढरीफटक पडले तेव्हा.

आता म्हणाल, सिस्टर वाईट. थांबा. त्या रात्री सगळ्या वॉर्डाला ती एकटी होती. कुणी सांगावं, राखीव जागेवर लागलेली आपल्यातलीच असेल. तिच्या तोंडून कोण बोलत होतं ते बघा. आणि टेबलाखालचं रक्त पुसायला आली ती कंत्राटावरची बाई. तिची जात सांगायला पाहिजे का? पूर्वी गावात मांगीण सुईण असायची. मूल अडलं की तिचे हात चालायचे, मूल सुटलं की तिचा विटाळ व्हायचा. दवाखाना आला, ट्यूबलाइट आली, विटाळाची वाटणी मात्र तीच राहिली.

हे बायकांचं खाजगी आहे, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं बाबासाहेब वाचावेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. राजरत्न जाऊन दोनच वर्षं झालेली. बाबासाहेब उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारनं उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा प्रस्ताव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे रोहम यांनी विधानसभेत मांडला. सभागृहानं तो फेटाळला. म्हणजे किती मुलं व्हावीत, कशी व्हावीत, बाईनं कधी कामावर जावं, हे त्यांच्या लेखी राजकारण होतं. तुमच्या लेखी ती महिला आघाडीची भानगड. आणि महिला आघाडी म्हंजे काय? सतरंज्या घालणारी, परिषदेच्या भाकरी थापणारी.

कायदे कागदावर वाढत गेले. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली. कुणाची? जिचं नाव हजेरीपटावर आहे तिची. ऊसतोडणीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल घेतलेली असते, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. तिथं पोटुशी बाई मोळी वाहते, फडात कळा येतात, कोपीत बाळंत होते आणि अंग सावरायच्या आत परत फडात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा बोभाटा झाला, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आकडा १३ हजारांच्या वर निघाला. पाळीचा खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकायची! आणि तिकडं शहरात गर्भसंस्काराचे वर्ग चालतात. पोटातल्या पोराला श्लोक ऐकवायचे, तूप खायचं, प्रसन्न राहायचं. आमच्या पोटातल्या पोरानं काय ऐकायचं? कोयत्याचा आवाज, मुकादमाची शिवी.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय, गरोदर आणि स्तनदा बाईला किमान ६,००० रुपये. २०१७ साली योजना आली ती ५,००० ची, तीही पहिल्या मुलापुरती. २०२२ पासून दुसऱ्या खेपेलाही पैसे, पण मुलगी झाली तर. कायद्यातली बाई योजनेत येईपर्यंत अर्धी होते. २००५ पासून दवाखान्यात बाळंत व्हा म्हणून पैसे देतात. बाया गेल्या. आत गेल्यावर त्यांना कसं वागवलं, ते विचारायला कोण गेलं?

एक शहाणा कार्यकर्ता मला म्हणाला, "ताई, अत्याचार, आरक्षण, खाजगीकरण, एवढे मोठे प्रश्न पडलेत." अरे, मांडीवरची चापट हा अत्याचार नाही? सफाईचं कंत्राट हे खाजगीकरण नाही? बायको आत ओरडत असताना तू दाराबाहेर तंबाखू मळत बसलास, तेव्हा कुठला मोठा प्रश्न सोडवत होतास?

रडगाणं गायला मी लिहीत नाही. कामाला लागा. सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या घरची एक बाई राहू शकते, हे केंद्र सरकारनं २०१६ सालीच मान्य केलंय. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीला सन्मानानं वागवा असं लिहिलंय. ते कागद काढा, मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, लेबर रूमच्या दारावर लावा. कुणी फाडले तर परत लावा. किती सिस्टरच्या जागा मंजूर, किती भरल्या, सफाईवाल्या बाईला पगार किती, माहितीच्या अधिकारात विचारा. कारखान्याच्या गेटवर जा, फडातल्या बाळंतिणीचा खाडा माफ झाला का बघा. न विचारता तांबी बसवली असेल तर त्या बाईची तक्रार लेखी घ्या, पोच घ्या. आणि गावात कुणी अडली तर रात्री दोन वाजता गाडी काढणारी चार पोरं प्रत्येक वस्तीत ठेवा. मोर्च्याला गाडी मिळते, मग बाळंतिणीला का मिळत नाही?

येत्या जयंतीच्या वर्गणीत एक रकाना वाढवा. वस्तीतल्या गरोदर बाया किती, त्यातल्या किती जणींची नोंदणी झाली, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे, कुणाचा हप्ता अडकलाय, ते त्यात लिहा. यादी झाली की मला कळवा. मी येते.

जयभीम.