किनाऱ्यावर उतरण्याआधी मर्यादा ठरवा



गेल्या आठवड्यात प्रवचन संपवून स्थानकाच्या पायऱ्या उतरत होते, तेव्हा ओळखीतल्या एका सुनेने मला मोबाइल दाखवला. येत्या नाताळच्या सुट्टीत तिचं सगळं घर मुंबईहून क्रूझने गोवा आणि कोचीला जाणार आहे. बारा माणसं, त्यात एक मूल अडीच वर्षांचं आणि एक दहा महिन्यांचं. मोबाइलमध्ये यादी होती. गोव्यात सात ठिकाणं, कोचीत सहा. मला म्हणाली, "काकू, काही राहिलं का बघा ना." मी म्हटलं, "राहिलंय ना. बाळाची झोप राहिली." ती हसली. तेवढ्यात मागून तिच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर मी म्हणते, एवढी लहान मुलं असताना जायचंच कशाला? हिने घरी थांबावं, पाच वर्षांनी जावं." तेव्हा मात्र ती हसली नाही.

मला ही यादीही पटली नाही आणि तो सल्लाही पटला नाही. दोन्ही चुकीचे का, ते आज स्पष्ट लिहिते.

आधी यादीचं बघू. आपण कामशेतच्या बायका. "पॉइंट" बघायला येणारे लोक आपल्याला नवे नाहीत. रविवारी जुन्या हायवेवर उभं राहा. सकाळी कार्ला, मग भाजे, मग भुशी धरण, दुपारनंतर पवना आणि जाताना लोणावळ्याची चिक्की. गाडी कडेला थांबलेली असते, आई बाटलीतल्या पाण्याने मुलाची उलटी धूत असते आणि बाबा घड्याळ बघत असतात. आपण घरी येऊन म्हणतो, "काय ही माणसं!" आणि मग आपलीच माणसं गोव्याच्या बंदरात उतरली की अगदी तशीच वागतात. मीही वागले आहे, म्हणून सांगते.

आमच्या घरचे सगळे असेच मुंबईहून गोव्याला गेलो होतो. मोठा नातू चार वर्षांचा, नात दीड वर्षाची. जहाज मुरगावच्या बंदराला लागलं. तिथून पणजीच सुमारे 30 किलोमीटर. आमच्या यादीत जुनं गोवं, मंगेशी, बांदिवडे, पणजीचा बाजार, डॉल्फिनची बोट आणि मिरामार, अशी सहा ठिकाणं होती. त्यातलं बांदिवडे माझं होतं, हे कबूल करते. फोंड्याजवळच्या या गावात नेमिनाथ भगवंतांच्या जुन्या बसदीचे अवशेष आहेत. मी म्हटलं, गोव्यात जातोच आहोत तर दर्शन व्हायलाच हवं.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा भर दुपार होती. नात गाडीत जेमतेम झोपली होती, तिला उठवून कडेवर घेतलं. ती जी रडायला लागली ती थांबेचना. मी हात जोडले, पण एक नवकारसुद्धा शांतपणे झाला नाही. पुढे पणजीत बाकीचे बाजारात गेले आणि सूनबाई बंद गाडीत तिला पाजत बसली. डॉल्फिनच्या बोटीत मोठ्याने उलटी केली. परतीच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली, जहाजाची वेळ जवळ येत होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जहाजावर चढून हातपाय धुईपर्यंत सूर्य गेलेला. माझा चौविहार असतो, त्यामुळे सकाळच्या दोन खाखऱ्यांवर दिवस निघाला. त्याचं मला काही नाही, उपास आपल्याला सवयीचा आहे. पण रात्री नातीला ताप भरला आणि तिच्या कपाळावर पट्टी ठेवता ठेवता सून म्हणाली, "मम्मी, मी गोवा बघितलाच नाही."

हे वाक्य मला लागलं, कारण तिच्यासाठीच तर आम्ही ती सहल काढली होती. दोन बाळंतपणांनंतर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती.

आता हिशेब करू. मी कॉमर्सवाली, मला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. समजा जहाज सकाळी 9 ला लागलं आणि संध्याकाळी 5 ला सुटणार आहे. म्हणजे आठ तास. त्यातला एक तास उतरण्याच्या रांगेत आणि तपासणीत. शेवटचा एक तास राखीव, कारण चढण्याची वेळ सुटण्याच्या आधीची असते आणि आपण आपली गाडी करून गेलो असू तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. बाळाच्या दुपारच्या झोपेचे दोन तास. दोन वेळा भरवणं, डायपर, कपडे बदलणं यात एक तास. जाण्यायेण्याचे दोन तास. उरला किती? एक. या एका तासात तुम्ही सात ठिकाणं बसवता, म्हणजे बाकीचे तास कुणाच्या तरी वाट्यातून काढून घेता. बहुतेक वेळा बाळाच्या झोपेतून आणि त्याच्या आईच्या जेवणातून.

"पण पैसे भरलेत ना!" हे तर ठरलेलं वाक्य. ज्याचे पैसे परत मिळणार नाहीत तो बुडीत खर्च, आणि पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नसतो, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. आता प्रश्न एवढाच की उरलेला दिवस कसा घालवायचा. पैसे वसूल करायला म्हणून तापलेलं मूल डॉल्फिनच्या बोटीत बसवणं, याला काटकसर म्हणत नाहीत.

"मुलांना सगळं दाखवलं पाहिजे," हे दुसरं वाक्य. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मोठेपणी यातलं काही आठवत नाही. तुम्हाला तुमच्या दुसऱ्या वर्षातलं काय आठवतं? फोटो आठवतात. त्या मुलाला त्या दिवशी हवी असते थोडी वाळू, थोडी सावली आणि चिडलेली नसलेली आई.

आता धर्माचं. आपल्याला वाटतं, सहलीला निघालो की व्रतं घरी ठेवून जायची. मला तर उलट दिसतं. श्रावकाच्या बारा व्रतांत सहावं दिशापरिमाण आणि दहावं देशावकाशिक. आयुष्यभराची दिशांची मर्यादा सहाव्यात घ्यायची आणि दहाव्यात एका दिवसापुरती ती आणखी लहान करायची. आज मी इतक्याच अंतरात राहीन, त्यापलीकडे जाणार नाही. पर्युषणात आपण हे ऐकतो, मान हलवतो आणि घरी येतो. लहान मुलं घेऊन बंदरात उतरण्याइतकी या व्रताची दुसरी चांगली जागा मला तरी सापडत नाही. जहाजावरून उतरण्याआधी मर्यादा ठरवायची. आज बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत, एकच ठिकाण, आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी परत. डिसेंबरात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारला जहाजावर. चौविहारही सांभाळला जातो आणि बाळाची झोपही. आपले नियम बाळाच्या आड येत नाहीत. आपली यादी येते.

आठवं व्रत अनर्थदंडाचं. गरज नसताना जीवांना पीडा देऊ नये. डॉल्फिन दिसला की सगळ्या बोटी इंजिनं करकरवत त्याच्या मागे लागतात. तो श्वास घ्यायला वर येतो आणि आपण टाळ्या वाजवतो. कुणाची गरज होती ती? मुलांच्या हातात शंख-शिंपल्यांची पिशवी देणं तसंच. जीवविचारात शंख आणि कवडी बेइंद्रिय जीवांत सांगितल्या आहेत, हे आपण पाठशाळेत मुलांकडून घोकून घेतो आणि किनाऱ्यावर विसरतो. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथलं प्रवाळ जीवविचारात पृथ्वीकायात येतं, विज्ञान त्याला प्राणी म्हणतं. दोन्ही बाजूंनी जीवच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. त्यावर पाय द्यायचा नाही आणि तुकडा आठवण म्हणून पर्समध्ये टाकायचा नाही.

पाण्याबद्दल मावळातल्या बाईला वेगळं सांगायला नको. 2024 च्या जूनमध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. समुद्रावर एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. एवढी माणसं नसतील तर पाण्यात जायचं नाही, वाळूत खेळायचं.

मग करायचं काय? गोव्यात बंदरापासून दहाएक किलोमीटरवर बोगमाळोचा लहानसा किनारा आहे. सकाळी उन्हाआधी दीड तास वाळू, मग परत. मोठ्या मुलाला विमानांची हौस असेल तर वाटेवरच नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं. दोन्हींपैकी एकच करा. कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. पूल ओलांडला की मट्टनचेरी, आणि तिथे धर्मनाथ भगवंतांचं 1904 सालचं देरासर. दुपारी तिथे पारव्यांना दाणे टाकतात, आभाळभर पारवे उडतात. अडीच वर्षांच्या मुलाला याहून मोठी गंमत कोणती? बाळाला मात्र लांबूनच दाखवा, पिसांच्या धुळीत नेऊ नका. दर्शन झालं की परत फिरा. चिनी जाळी, राजवाडा, मसाल्यांचा बाजार पुढच्या वेळी. अगत्तीला मोठं जहाज समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटीतून बेटावर जावं लागतं. हलत्या बोटीत तान्हं मूल घेऊन पाय टाकायची भीती वाटत असेल तर सरळ जहाजावर राहा. त्यात कमीपणा नाही. सगळे उतरले की जहाज रिकामं असतं. खेळायची जागा मोकळी, जेवणाला रांग नाही, केबिनमध्ये शांत झोप. फक्त आधी विचारून ठेवा. बहुतेक जहाजांवर डायपरमधल्या मुलांना तलावात सोडत नाहीत आणि तीन वर्षांखालच्यांना खेळघरात एकटं ठेवून घेत नाहीत. केबिनमध्ये किटलीही नेऊ देत नाहीत, तेव्हा उकळलेलं पाणी स्वयंपाकघरातून मागून थर्मासमध्ये भरून घ्यायचं. बाळाची मूगडाळ-भाताची खिचडी आदल्या रात्रीच सांगून ठेवली तर बिनकंदमुळाची करून मिळते का तेही कळतं.

आणि जहाजावर मागे कोण राहणार, हे घरीच ठरवा. इथे मला खरं भांडायचंय. "आजी आहे ना" म्हणून प्रत्येक बंदरात आजी मागे, नाहीतर "बाळाची आईच ती" म्हणून प्रत्येक बंदरात सून मागे. दोन्ही अन्याय. पाळी लावा. गोव्यात बाळाचे बाबा आणि आजोबा थांबतील, कोचीत आजी थांबेल. आमचे हे म्हणतात, "मला डायपर बदलता येत नाही." चाळीस वर्षं दुकान चालवलं, माणसं सांभाळली, मग एवढं शिकता येईल. मोठ्या चुलत भावंडांना किल्ला बघायचा असेल तर त्यांच्याबरोबर एक मोठा जाईल. बाराजणांनी एकाच गाडीतून, एकाच यादीने फिरायला हवं असा काही नियम नाही.

राहिला प्रश्न पाच वर्षं थांबण्याचा. हा सल्ला देणाऱ्या माझ्याच वयाच्या आहेत, म्हणून अदबीने विचारते. तुम्ही थांबलात, मीही थांबले. पाच वर्षांनी काय झालं? दुसरं बाळंतपण, मग शाळा, मग सासऱ्यांचं आजारपण, मग गुडघे. आपल्याला कुणी म्हटलं नाही की बाळ घेऊन चल, आम्ही पाळी लावतो. म्हणून आता सुनेलाही म्हणायचं नाही का? आणि नीट बघा, घरचे बाराच्या बारा कुठे थांबताहेत? थांबायचं फक्त तिने.

तेव्हा तिला न्या, बाळालाही न्या आणि यादी घरी ठेवा. बंदर दोन असतील तर दोनच ठिकाणं. त्यातलं निदान एक तिला विचारून ठरवा, आणि तिथे तासभर तिच्या कडेवर मूल नसेल असं बघा.

ती यादी दाखवणारी सून परवा बाजारात भेटली. गोव्याची सात ठिकाणं आता तीनवर आली आहेत. मी म्हटलं, अजून दोन खोड.

लिहिण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छा मि दुक्कडम्.