तारेचे रक्षण आणि माणसाचे रक्षण

नव्या सदनिकेचा ताबा देताना दाराजवळच्या पेटीत ओळीने बसविलेले एमसीबी दाखवून 'आता शॉकची भीती नाही' अशी जी हमी सर्रास दिली जाते, ती निराधार आहे, आणि तिच्यावर विसंबणे प्राणांवर बेतू शकते. एमसीबी हा वस्तुतः जुन्या फ्यूजचा वारस. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला अथवा शॉर्ट सर्किट झाले की तो पडतो, आणि भिंतीतील तारा तापून आग लागण्याचा प्रसंग टळतो. परंतु ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून सदोष गिझरला हात लावणाऱ्या मनुष्याच्या देहातून २३० व्होल्टच्या दाबाने जो प्रवाह जमिनीत उतरतो, तो बहुधा पाव अँपिअरच्या आतबाहेर असतो. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा आहे, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो छताच्या एका पंख्याहून अधिक नव्हे.

माणसाच्या रक्षणासाठी असलेल्या आरसीसीबी या खटक्याचे कार्य सर्वस्वी निराळे. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय वलयातून नेलेल्या असतात. गेलेला आणि परतलेला प्रवाह समसमान असेतोवर त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांचे निरसन करतात, परंतु या जमाखर्चात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजेच तेवढा प्रवाह आडवाटेने, कदाचित कोणाच्या शरीरातून, जमिनीत गेला, की वलयावरील निराळ्या वेटोळ्यात प्रवाह उत्पन्न होऊन निमिषार्धात पुरवठा तुटतो. अतिभाराशी त्याला कर्तव्य नाही, म्हणून एमसीबीही हवाच. आणि फेज व न्यूट्रल एकाच वेळी हाती धरणाऱ्याला तोही वाचवू शकत नाही.

पावसाळ्यात ओल शिरून आरसीसीबी वारंवार पडू लागला म्हणजे तो वगळून तारा थेट जोडून देणारे वायरमन आणि तशी गळ घालणारे घरमालक, दोघेही माझ्या मते अक्षम्य बेपर्वाई करतात. कारण जिला ते कटकट म्हणतात, ती कोठेतरी चाललेल्या गळतीची इशारत असू शकते, आणि शोध घ्यावयाचा तो तिचा. नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराचा जो चाचणी अहवाल येतो, त्यात चालू स्थितीतील आरसीसीबीची नोंद असल्याखेरीज एका खोलीच्या बिऱ्हाडालाही मीटर मिळू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. ज्यांच्या घरी तो आधीच आहे, त्यांनी त्यावरील 'टी' अक्षराचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. पुरवठा चालू असूनही खटका पडला नाही, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.