‘एकटा’ कोण, ‘सगळे’ कोण?

कामगार बंधूंनो, ‘व्यक्ती मोठी की समाज मोठा’ हे भांडण पंडितांचे, आपल्याला त्याचं काय, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण या भांडणापायी गरिबाच्या पोटावर पाय आलेला आहे, म्हणून बोलतो.

रूसोने १७६२ साली लिहिले की, लोकांची खरी इच्छा कळायची तर राज्याच्या पोटात वेगळे गट नकोत, ज्याने त्याने स्वतःच्या बुद्धीने मत द्यावे. वाचायला किती गोड! पुढे फ्रान्सात राज्यक्रांती झाली. पॅरिसचे सुतार मजुरीसाठी एकत्र आले, आणि जून १७९१ मध्ये ल शापेलिए या सभासदाने कायदाच आणला : एका धंद्यातल्या लोकांनी संघ करायचा नाही, दर मिळून ठरवायचा नाही. का? तर म्हणे एकेकट्याचे हित आहे आणि सगळ्या राष्ट्राचे हित आहे, मध्ये तिसरे काही नाहीच! बंदी मालकांनाही होती बरं का. पण चार मालक एका मेजावर जेवायला बसले की झाला त्यांचा संघ. सुतार चौकात जमले की गुन्हा. संपाची मोकळीक मिळायला १८६४ साल उजाडले, संघाची मिळायला १८८४. म्हणजे त्र्याण्णव वर्षे मजूर ‘स्वतंत्र’ होता, उपाशी राहायला!

पण एवढ्यावर थांबलो तर आम्ही लबाड ठरू. ‘समाज मोठा’ म्हणणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! पगार मात्र त्याच खात्यात बरा. आणि ही आडकाठी घालणारे कोण? शेजारच्या साच्यावरचे आपलेच भाऊ. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. ‘सगळ्यांचा संप’ म्हणताना तो माणूस सगळ्यांत धरला होता की नव्हता?

त्याच बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितले की, मसुद्याने खेडे टाकून व्यक्ती हा घटक धरला याचा आपल्याला आनंद आहे. काही शहाण्यांना ते झोंबले. झोंबू द्या! गावकुसाबाहेर ज्याने दिवस काढले, त्याला गावाचे गोडवे कोणी ऐकवावेत?

आम्ही जूट सोडणार नाही. पण ज्या जुटीत एकाच्या ओठांचा विटाळ होत होता, तिला आम्ही ‘सगळे’ म्हणायला तयार नाही, आणि हे मालकाला नव्हे, आपल्याच माणसांना तोंडावर सांगतो.