खुर्ची का हवी असते?

वार्षिक सभा जवळ आली की आपल्याकडे दोनच प्रश्न असतात. जेवायला काय, आणि अध्यक्ष कोण? पहिल्यावर सगळेच बोलतात. दुसरा निघाला की माना खाली. आणि चुकून कुणी हात वर केलाच, तर पार्किंगमध्ये कुजबुज सुरू, "बघितलंत? खुर्चीची हौस!"

हौस असते, हे आम्हालाही मान्य. हॅरल्ड लासवेल या अमेरिकन अभ्यासकाने १९३० सालीच लिहून ठेवलंय, की राजकारणी माणूस मनातली खाजगी गरज सार्वजनिक कामात ओततो आणि तिला लोकहिताचं नाव देतो.

इथले बॉब हॉकच घ्या. १९३९ मध्ये त्यांचा थोरला भाऊ नील आजारपणात गेला, तेव्हा बॉब नऊ वर्षांचे. आईने साऱ्या आशा धाकट्यावर लावल्या. हा पंतप्रधान होणार, अशी तिची श्रद्धा! १९४७ मध्ये मोटरसायकलच्या अपघातातून ते मरता मरता वाचले, आणि आपण वाचलो ते काहीतरी करून दाखवण्यासाठीच, असं त्यांच्या मनाने घेतलं. १९८३ मध्ये पंतप्रधान झाले, लागोपाठ चार निवडणुका जिंकले. कारण खाजगी असेल, पण त्यांच्या सरकारने १९८४ मध्ये आणलेलं मेडिकेअर आज आपल्या बहुतेकांच्या पाकिटात आहे. मात्र पॉल कीटिंगना खुर्ची देण्याचा १९८८ मधला शब्द त्यांनी पाळला नाही. शेवटी १९९१ मध्ये पक्षानेच उतरवलं.

आता आमचंच सांगतो. ज्या वर्षी कचेरीत बढती हुकली, त्याच वर्षी आम्ही मंडळाचे अध्यक्ष झालो. भाषणात 'सेवा' होती. मनात मात्र चार माणसांनी "या अध्यक्ष" म्हणावं एवढीच भूक. गणपती दणक्यात झाला, मुलांचा रविवारचा मराठी वर्ग सुरू झाला. पण मुदत संपल्यावर कपाटाची किल्ली द्यायला आम्ही तीन महिने लावले. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, किल्ली आहे ती, किल्ला नव्हे!"

म्हणून म्हणतो, उभं राहणाऱ्याला हिणवू नका. आतलं कारण प्रत्येकाचं असतंच. विचारायचं ते एवढंच, की बसून काय करणार आणि उठणार कधी? यंदा कुणीच हात वर केला नाही, तर तो रविवारचा वर्ग बंद पडेल. मग कुजबुजायचं तरी कोणाबद्दल?

भेटू या, सभेत!