हुल्लड कोणाची, शांतता कोणाची?

इंग्रजीतील ‘हूलिगन’ हा शब्द आपल्याकडे क्वचितच ऐकू येतो. रस्त्यावर दांडगाई करणारा, मोडतोड करणारा तो हूलिगन. मराठीतील ‘हुल्लड’शी त्याचे ध्वनिसाम्य असले तरी नाते नाही. 1898 च्या उन्हाळ्यात लंडनच्या वृत्तपत्रांनी तो रूढ केला. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत; पण बहुतेक तर्क एका आयरिश आडनावाशी येऊन थांबतात. पोट भरण्यासाठी लंडनच्या गलिच्छ वस्त्यांत आलेल्या गरिबांच्या आडनावाची शिवी झाली, आणि पुढे तिचा कायदाही झाला. सोव्हिएत रशियाच्या 1922 च्या दंडसंहितेत हूलिगनपणा हा गुन्हा ठरला. 2012 साली त्याच नावाच्या गुन्ह्याखाली मॉस्कोत तीन गायिकांना शिक्षा झाली. राजवट बदलली; सत्तेला शब्दाची सोय तेवढी उरली.

दांडगाई कोठेच नसते, असे नव्हे. निरपराधाचे दुकान जाळणाऱ्याला हुल्लडबाजच म्हटले पाहिजे, मग त्याच्या हाती झेंडा कोणताही असो. प्रश्न आहे तो हे नाव कोण देतो आणि कोणाला देतो, याचा.

शिरगाव-सातपाटीच्या किनारपट्टीला हा प्रश्न नवा नाही. 14 ऑगस्ट 1942 रोजी ‘चले जाव’चा मोर्चा पालघरच्या कचेरीवर गेला. पोलिसांनी गोळीबार केला. काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तेवारी आणि सुकुर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. देशभरच्या या उठावाला 1943 च्या सरकारी पुस्तिकेने केवळ ‘गडबड’ ठरवून तिची जबाबदारी काँग्रेसवर टाकली. मात्र व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी 31 ऑगस्ट 1942 रोजीच चर्चिल यांना खासगीत कळवले होते की, 1857 नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे. जगासाठी गडबड, आपसांत बंड! शब्दांची ही दुहेरी हिशेबवही राज्यकर्ते जाणूनबुजून ठेवतात. कारण बंड म्हटले की त्याची कारणे सांगावी लागतात, गडबड म्हटली की लाठी पुरते.

आज पालघरचा हुतात्मा स्तंभ त्या ‘गडबडी’पुढे मान लववतो. परंतु याच किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वाढवण बंदराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्या बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरातच झाले. बंदराच्या बाजूने आणि विरोधात मांडण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मांडलेच पाहिजे. मात्र ज्यांची मासेमारीची जागा जाणार, त्यांच्या मोर्चाची पहिली नोंद उपजीविकेचा प्रश्न म्हणून होते की बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून, यावरच लोकशाहीची परीक्षा होते. हुतात्म्यांना वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहणे सोपे आहे; जिवंत माणसांना हुल्लडबाज म्हणण्यापूर्वी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे अवघड आहे. खरी आदरांजली तीच.