मानगूट सोडा

"टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मानगूट घट्ट धरायची आणि उरकून टाकायचं." मांजराच्या पिल्लाची नखं कशी कापायची, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांचं उत्तर हेच होतं. शेजारच्या खालांचं हेच, आमच्या शाळेतल्या सरांचंही हेच. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओतही तेच दिसतं: एक जण पिल्लाला दाबून धरतो, दुसरा कापतो, पिल्लू किंचाळतं आणि व्हिडिओ काढणारा हसतो.

माझं म्हणणं असं की ही पद्धत चुकीची तर आहेच, पण ती आळशी माणसाची आहे. वर तिचं खापर आपण मांजरावर फोडतो. "मांजराची जातच बेइमान, किती खाऊ घाला, शेवटी ओरबाडणारच." अहो, ओरबाडायला शिकवलं कुणी?

आधी माझा गुन्हा सांगते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी मुलगी एक पिल्लू घेऊन आली. दोनेक महिन्यांचं असेल, राखाडी रंगाचं. नाव ठेवलं शक्कर. आठच दिवसांत पडदे फाटले, सासूबाईंच्या जानमाजचे धागे निघाले. शुक्रवार होता. आमच्या घरी जुम्म्याला सगळ्यांची नखं कापायची रीत आहे. अंगणात वर्तमानपत्र पसरायचं, पोरांनी ओळीने बसायचं. त्याच ओळीत शक्करचा नंबर लावला. दिराने मानगूट धरली, मी नेलकटर चालवलं. तिसऱ्याच नखाला जिव्हाळी लागली. रक्त आलं. पिल्लू जे सुटलं ते कपाटाखाली गेलं आणि रात्रीपर्यंत बाहेर आलं नाही.

त्यानंतर नेलकटरचा खट्ट आवाज झाला की शक्कर पसार. कुणी पंजाला हात लावला की बोचकारा. महिनाभरात जावेच्या मुलाच्या गालावर एक लांब ओरखडा आला आणि घरात निकाल लागला: पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून या. आपल्या मोहल्ल्यांतून अशी किती पोती जातात ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही आहे. घरात वाढलेलं पिल्लू तिथल्या कुत्र्यांसमोर किती दिवस टिकतं, हे मात्र कुणी बघायला जात नाही.

मी बीएड केलेली बाई. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात थॉर्नडाईकची मांजर आम्ही सगळ्यांनी रंगवून लिहिली आहे. 1898 सालचा प्रबंध. भुकेली मांजर पेटीत कोंडलेली, बाहेर खाणं, धडपडता धडपडता तिला खिटी उघडायची कशी ते कळतं. मग सज्जतेचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. प्रत्येक नियमाचे शैक्षणिक उपयोग. गुण मिळाले, वही रद्दीत गेली. आणि खरीखुरी मांजर घरात आली तेव्हा मला काय आठवलं? मानगूट! त्याच थॉर्नडाईकने पुढे 1930च्या सुमारास स्वतःचाच नियम दुरुस्त केला होता. बक्षिसाने जितकं शिकणं पक्कं होतं, तितकं शिक्षेने चुकीचं वागणं पुसलं जात नाही, असं त्याचं मत झालं. हा भाग आम्ही परीक्षेत लिहायचो नाही. गाइडमध्ये नव्हता बहुधा.

आणि नखांचं म्हणाल तर शाळेत वेगळं काय होतं? परिपाठाला हात पुढे करायचे, नखं वाढलेली दिसली की बोटांवर फूटपट्टी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही मारली आहे, लपवत नाही. मुलं नखं कापून येऊ लागली का? थोडी आली. बाकीची त्या दिवशी गैरहजर राहू लागली. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने फूटपट्टी हातातून गेली तेव्हा स्टाफरूममध्ये किती हळहळ झाली होती! आता मुलं ऐकणार नाहीत म्हणे. शक्कर कपाटाखाली बसली होती तेव्हा मला ती गैरहजर मुलं आठवली.

तर पोतं मी अडवलं, एक महिना मागून घेतला. आणि नेलकटर उचलून ठेवलं. पहिला आठवडा त्याला हातसुद्धा लावला नाही.

संध्याकाळी खेळून दमली की, पण जेवणाआधी, ती माझ्या शेजारी येऊन पडायची. तेव्हा पंजाला एका बोटाने स्पर्श करायचा, जेमतेम एक सेकंद. हात काढायचा आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा चिमूटभर तुकडा द्यायचा. मीठ-मसाला काही नाही. इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोक नेमके इथेच चुकतात. खाऊ दाखवून पिल्लाला जवळ बोलावतात आणि खाता खाता पंजा पकडतात. मग खाऊ हीच धोक्याची खूण होते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला आधी घंटा ऐकू यायची, मग अन्न मिळायचं. तसंच इथे आधी स्पर्श, मग तुकडा. चारपाच दिवसांनी स्पर्श झाला की शक्कर माझ्या हाताकडे बघू लागली. घाबरून नव्हे, तुकडा कुठे आहे म्हणून.

दुसरी गोष्ट मला जड गेली. तिने पंजा ओढला की सोडून द्यायचा. लगेच. मागे धावायचं नाही, "थांब गं" म्हणून धरून ठेवायचं नाही. दीर म्हणाले, "असं सोडलं तर डोक्यावर बसेल." बसली नाही. ओढला की सुटतो हे कळल्यावर ती ओढायचीच कमी झाली. ज्याला दार उघडं दिसतं तो पळायची घाई करत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही. पण हाती सत्ता असलेल्या माणसाला ती लवकर पटत नाही, मग तो घरातला असो की वर्गातला.

त्यानंतर बोटाची गादी वरून-खालून हलकेच दाबायची, म्हणजे आत ओढलेलं नख बाहेर येतं. नख उजेडात धरून बघा. टोकाचा भाग पारदर्शक, मुळाकडे गुलाबी. ती गुलाबी म्हणजे जिव्हाळी. तिच्यात रक्तवाहिनी आहे, मज्जातंतू आहे. कापायचं ते फक्त वाकडं टोक, एक-दोन मिलिमीटर. चुकून लागलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरलं की रक्त थांबतं, पण त्या दिवशी पुढे काही करायचं नाही.

नेलकटरचा आवाज ही आमची मोठी अडचण होती, कारण त्या आवाजाशी तिचं रक्त जोडलेलं होतं. शीरखुर्म्यासाठी आणलेल्या जाड शेवईच्या काड्या घेतल्या. शक्कर खोलीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. एक काडी कापायची, खट्ट, आणि तुकडा टाकायचा. रोज हातभर जवळ. सासूबाई म्हणाल्या, सून शेवया वाया घालवते आहे. खरंच होतं. माणसाचं नेलकटर मांजराचं नख चिरडू शकतं, म्हणून दरम्यान मांजरांसाठीची लहान कात्री आणली आणि तिलाही हाच सराव दिला.

विसाव्या दिवशी मी एक नख कापलं. एकच. आणि कात्री ठेवून दिली. मुलगी म्हणाली, "अम्मी, गप्प बसली आहे, सगळी कापून टाक ना." हा मोह टाळायचा. मांजराला नखं अठरा असतात, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. ती एका बैठकीत संपवलीच पाहिजेत असा कुठे हुकूम नाही. रोज दोन कापली तरी दोन-तीन आठवड्यांचा फेरा आरामात बसतो.

यावर तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, एवढा वेळ कुणाला आहे? रोजची दोन मिनिटं लागली. रील बघण्यात किती जातात ते विचारत नाही. दुसरा, "मांजरीला माणूस समजता काय?" नाही. मांजरीला मांजर समजते, म्हणून तर तिच्या कलाने घेते. तिसऱ्यात मात्र दम आहे: मांजर बाहेर फिरणारी असेल तर भिंतीवर चढायला, कुत्र्यापासून वाचायला तिला नखं लागतात. बरोबर. अशा मांजरीची टोकं कापू नका. पण पंजा हातात द्यायला तिलाही लहानपणीच शिकवा. उद्या काटा रुतेल, म्हातारपणी नख जाड होऊन वळतं आणि गादीत घुसतं, तेव्हा कुणीतरी पंजा धरणार आहेच. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असतं तो काळ माणसाच्या हाताची सवय लागायला सगळ्यात सोपा, पण त्यासाठी त्याला आईपासून तोडू नका. ती जिथे असेल तिथेच जाऊन हात लावा. आमची शक्कर मोठी होती, वर दुखावलेली, तरी शिकली.

आता आपल्या लोकांशी थोडं. मांजर पाळणं सवाबचं काम आहे, हे आपण एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर किती पाठवतो! हजरत अबू हुरैरा यांच्या नावाचा किस्सा प्रत्येकाला पाठ. हुरैरा म्हणजे मांजराचं पिल्लू, हेही. आणि बुखारी-मुस्लिम दोन्हींत असलेली ती बाई, जी एका मांजरीमुळे आगीत गेली? तिचा गुन्हा नीट आठवा. काठीने मारलं असं त्यात नाही. तिने मांजरीला कोंडलं, खाऊ घातलं नाही आणि स्वतःचं खाणं शोधायला सोडलंही नाही. पोस्ट पुढे ढकलणाऱ्याच हातांनी पोत्याचं तोंड बांधलेलं मी पाहिलं आहे. तेव्हा ही हदीस कुणाला आठवत नाही.

अलीकडे आणखी एक प्रश्न कानावर येतो: "डॉक्टरकडून नखं कायमची काढून घेता येतात ना?" नख काढायचं म्हणजे बोटाचं शेवटचं हाड कापून टाकायचं. आपल्या बोटांची पुढची पेरं छाटण्यासारखं. इंग्लंडात 2006च्या प्राणी कल्याण कायद्याने त्याला मनाई आहे, न्यूयॉर्क राज्याने 2019 मध्ये बंदी घातली, आणि आपल्याकडचा 1960चा कायदा जनावराचा अवयव तोडणं क्रूरताच मानतो. पडद्यासाठी बोटं? त्यापेक्षा एका फळीला गोणपाट गुंडाळून ती भिंतीला घट्ट टेकवून ठेवा. मांजर तिथे ओरबाडते, जुन्या नखाची साल निघते, पडदाही वाचतो.

आणि ओरखडा आलाच तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. रेबीज फक्त कुत्र्याचा नसतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्यालाही लस द्या. जावेच्या मुलाला सुया घ्याव्या लागल्या, आणि त्या सुयांना शक्करपेक्षा मीच जास्त जबाबदार होते.

शक्कर अजून आमच्याकडेच आहे. जुम्म्याला वर्तमानपत्र पसरलं की पोरांच्या ओळीत येऊन बसते, तुकड्यासाठी. सतरा नखं देते. उजव्या पंजाचं ते तिसरं, ज्याची जिव्हाळी मी कापली होती, त्याला हात लावला की पंजा ओढून घेते. मी सोडते. ते नख ती गोणपाटावरच झिजवते.