चांगल्या शेंगा बाजाराला, काळ्या घराला?



दसरा उलटला की भुईमुगाची काढणी जोरात येते. अंगणात शेंगांचा ढीग पडतो आणि घरातल्या बायका सूप घेऊन निवडायला बसतात. भरलेल्या, स्वच्छ शेंगा पोत्यात जातात, त्या बाजाराच्या. फुटक्या, काळपट, बुरसटलेल्या टोपलीत जातात, त्या घरच्या. आज या टोपलीविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झाले असेल. एका वस्तीवर गेलो असता एका आजींनी ओंजळभर बुरसटलेले दाणे माझ्यापुढे धरले. म्हणाल्या, "साहेब, ह्यांचं काय करावं?" मी ऐटीत सांगितले, "टाकता कशाला? भाजून चटणी करा, उरले तर म्हशीला घाला." परत येताना वाटेतच आठवले, की याच बुरशीवर परीक्षेत आपण पानभर उत्तर लिहिले होते! दुसऱ्याच दिवशी जाऊन चूक कबूल करायला हवी होती. लाज आडवी आली. आठवड्याने गेलो, तोवर चटणी संपली होती. तेव्हापासून शेंगांच्या हंगामात ही गोष्ट मी प्रत्येक गावात सांगतो.

दाण्यावर वाढणारी हिरवट-पिवळी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. याचा शोध लागला तो इंग्लंडात. १९६० साली तिथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती आणि त्या पेंडीत हे विष होते. आपल्या देशातही त्याने बळी घेतले आहेत. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरिबाघरी दुसरे धान्य नव्हते, म्हणून तोच मका खाल्ला गेला. सुमारे ४०० लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि १०६ माणसे दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली.

एवढे विष एकदम पोटात गेले तर असे होते. पण रोज थोडे थोडे गेले तर काय होते? त्या वेळी काहीच दिसत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. आपण खातो त्याची छाननी यकृत करते. नको असलेला पदार्थ पाण्यात विरघळेल असा करून बाहेर टाकायचा, हे त्याचे काम. अफलाटॉक्सिनवर हीच प्रक्रिया होताना त्याचा काही भाग आणखी जहाल होतो आणि यकृताच्या पेशीतल्या जनुकांना चिकटतो. बराचसा भाग शरीर निकामी करून लघवीवाटे काढून टाकते. पण वर्षानुवर्षे मारा चालू राहिला, की एखादी बिघडलेली पेशी बेसुमार वाढू लागते. हाच यकृताचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अफलाटॉक्सिनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे.

ज्यांच्या अंगात 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू आहेत, त्यांना हा धोका फार मोठा. चीनमध्ये शांघाय इथे १८ हजारांवर पुरुषांची पाहणी झाली. विषाणू आणि अफलाटॉक्सिन दोन्ही असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका, दोन्ही नसलेल्यांच्या मानाने, सुमारे ६० पट आढळला. म्हणून बाळ जन्मताच हेपॅटायटिस 'ब'ची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

आता दिलासा देणारी गोष्ट. चीनमध्येच यांगत्से नदीच्या मुखाशी चीतुंग नावाचा भाग आहे. तिथले लोक मक्यावर जगत आणि दमट हवेने मका बुरसटे. यकृताच्या कर्करोगासाठी तो भाग बदनाम होता. १९८० नंतर लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. अंगातले अफलाटॉक्सिन एकदम घटले आणि पुढच्या काळात या रोगाने होणारे मृत्यूही बरेच कमी झाले. ताटातले धान्य बदलल्याचा यात मोठा वाटा!

त्याच चीतुंगमध्ये हिरव्या पानातल्या रंगद्रव्यापासून केलेल्या गोळ्या १८० माणसांवर तपासल्या गेल्या. हे द्रव्य पोटातच विषाला धरून ठेवते. तीन महिन्यांनी, गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत विषाने केलेल्या इजेची खूण निम्म्याहून कमी सापडली. म्हणून मेथी, शेपू, राजगिरा जरूर खा. पण भाजी खाल्ली की बुरसटलेले दाणे पचतात, असा अर्थ मात्र काढू नका. त्या गोळ्या होत्या, भाजी नव्हती. विष पोटात जाऊच न देणे हाच खरा उपाय, आणि तो तुमच्या शेतात नि अंगणात आहे.

तर काय करावे?

१) शेंगा भरताना पाण्याचा ताण पडू देऊ नका. हुमणी, वाळवी आणि खुरप्याचा घाव यांनी फुटलेल्या शेंगेतून बुरशी आत शिरते.

२) पीक तयार होताच काढा. डहाळे उलटे करून, शेंगा वर राहतील असे वाळवा. ओल्या शेंगांचा ढीग लावू नका.

३) शेंग कानाशी हलवा. दाणा खुळखुळला म्हणजे शेंग वाळली. ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आला की मगच पोती भरा.

४) पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासूनही हातभर दूर. बियाण्यासाठी शेंगा पाणी मारून फोडू नका.

५) बुरसटलेले, सुरकुतलेले, काळे दाणे वेगळे काढा. हे विष बहुधा थोड्याच दाण्यांत एकवटलेले असते, त्यामुळे निवडण्याने मोठा फरक पडतो. धुऊन ते जात नाही. भाजल्याने थोडे घटते, पण संपत नाही. कडू लागलेला दाणा गिळू नका, थुंकून टाका.

६) असे दाणे घाण्यावर नेऊ नका. बरेचसे विष पेंडीत उतरते, थोडे कच्च्या तेलातही राहते. पेंड म्हशीने खाल्ली की एक-दोन दिवसांत ते दुधात येते आणि ते दूध लेकरे पितात. एक किलो दुधात अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त विष नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून काय ते ओळखा. निवडलेले खराब दाणे खोल खड्ड्यात पुरून टाका.

तुम्ही म्हणाल, साहेब, टोपलीभर दाणे पुरायचे म्हणजे जिवावर येते. खरे आहे. अन्न टाकू नये ही आपली शिकवण आहे आणि ती चांगलीच आहे. पण बुरसटलेला दाणा अन्न राहिलेला नसतो. आणि जरा विचार करा, टोपलीतल्या त्या शेंगा घरात खातो कोण? व्यापारी तर खात नाही. ज्या बाईने दिवसभर बसून त्या निवडल्या ती खाते, आणि तिची मुले खातात.

यंदा पोती भरताना एक पोते आधी घरासाठी बाजूला काढा, आणि ते चांगल्या ढिगातले काढा. बाजाराचे त्यानंतर पाहू.